हात तोच, बँड नवा : कोझी पॉवेलविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लिश ड्रमर कोझी पॉवेल याच्यावर लेख होता. जन्म १९४७, गाव सायरन्सेस्टर, खरं नाव कॉलिन फ्लुक्स. ‘कोझी’ हे नाव जॅझ ड्रमर कोझी कोल यांच्यावरून घेतलेलं. जेफ बेक ग्रुप, रेनबो, मायकल शेंकर ग्रुप, व्हाइटस्नेक, इमर्सन लेक अँड पॉवेल, ब्लॅक सॅबथ, ‘क्वीन’चा गिटारवादक ब्रायन मे याचा बँड, पीटर ग्रीनचा स्प्लिंटर ग्रुप अशी त्याची वाटचाल. ५ एप्रिल १९९८ रोजी ब्रिस्टलजवळ मोटार अपघातात तो गेला, वय ५०. लेखावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींना ही उत्तरं.

इतके बँड बदलले, म्हणजे हा माणूस कुठे टिकायचाच नाही, असं समजायचं का? (पुणे)

तारखा लावून बघा, चित्र वेगळं दिसतं. जेफ बेकबरोबर १९७० ते १९७२, दोन अल्बम. पुढे बेकनेच तो संच मोडला. रेनबोत १९७५ ते १९८०, म्हणजे पाच वर्षं आणि तीन स्टुडिओ अल्बम. तिथून निघाला तेव्हा बँड रेडिओवर चालणाऱ्या सोप्या गाण्यांकडे वळत होता आणि ते त्याला मानवत नव्हतं. तरी १६ ऑगस्ट १९८० चा डॉनिंग्टनचा मोठा कार्यक्रम वाजवून मगच तो बाहेर पडला. ब्लॅक सॅबथमधून १९९१ मध्ये जावं लागलं, कारण घोडा अंगावर कोसळून त्याला गंभीर दुखापत झाली. बरा झाल्यावर पुढे १९९५ च्या ‘फॉरबिडन’साठी त्याच बँडने त्याला परत बोलावलं. बेभरवशाच्या माणसाला असं कुणी परत बोलावत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तो एकटा फिरत नव्हता. बेसवादक नील मरे बघा: व्हाइटस्नेक, ब्लॅक सॅबथ, ब्रायन मे बँड, स्प्लिंटर ग्रुप, चारही ठिकाणी ही जोडी आहे. कीबोर्डवाला डॉन एरी १९७४ च्या सुमारास कोझीच्या ‘हॅमर’ या संचात होता, नंतर रेनबोत आला, कोझीच्या १९७९ च्या ‘ओव्हर द टॉप’वरही तोच आहे. बँडचं नाव बदललं तरी शेजारी उभा असलेला माणूस ओळखीचा. ड्रमरला पुढचं काम बहुतेक वेळा गिटारवाल्याकडून येत नाही, बेसवाल्याकडून येतं. कारण ड्रमर हलला की सगळ्यात आधी त्याला कळतं.

तीन बँडकडून एकदम काम आलं आहे. एकाची १८ गाणी सहा दिवसांत बसवायची आहेत. कशी बसवू? (डोंबिवली)

पाठ करायला बसू नका, कागद करा. पण त्याआधी एक प्रश्न विचारून घ्या: प्रत्येक गाण्याची कोणती आवृत्ती वाजवायची? तुम्ही स्टुडिओची ऐकून येता, गिटारवाल्याने लाइव्हची बसवलेली असते, आणि सोलोनंतर चार बार (ठेक्याची आवर्तनं) कमी-जास्त होऊन सगळेच अडखळतात. रिहर्सलमधली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. म्हणून बँडकडून ऑडिओ फाइलच मागवा, नुसत्या नावांची यादी नको.

पहिले दोन दिवस काठ्या हातात घ्यायच्या नाहीत. एका गाण्याला साधारण वीस मिनिटं धरा. १८ गाण्यांचे सहा तास होतात. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा बार मोजत लिहा: इंट्रो ४, व्हर्स १६, कोरस ८, सोलो १६, शेवट. तिसऱ्यांदा सगळे मिळून थांबतात त्या जागा लाल पेनाने खुणा. वरच्या कोपऱ्यात टेम्पो लिहा, आणि सुरुवात कोण करतो तेही. एक गाणं एका पानात मावलंच पाहिजे. वाजवताना पान उलटायला हात मोकळा नसतो.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी कागद समोर ठेवून वाजवा. पाचव्या दिवशी सगळी गाणी क्रमाने, मध्ये न थांबता. चुकलं तरी पुढे जा. सहाव्या दिवशी प्रत्येक गाण्याचे फक्त पहिले आठ आणि शेवटचे आठ बार. गाणं मध्ये बिघडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, शेवट बिघडला तर हॉलमधल्या सगळ्यांना कळतं.

स्टेजवर अंगात जोर येतो आणि टेम्पो नकळत पाच ते आठ बीपीएमने (मिनिटाला इतक्या ठोक्यांनी) चढतो. मोबाइलवरचा मेट्रोनोम आवाज बंद करून, नुसता दिवा लुकलुकत ठेवा. गाणं सुरू करायच्या आधी त्याच्याकडे चार ठोके बघायचे, मगच काउंट द्यायचा.

सेट भाड्याचा असला तरी स्नेअर (काठीने वाजवायचा मधला, कडक आवाजाचा ड्रम), सिंबल आणि पेडल स्वतःचं न्या. बरोबर काठ्यांच्या चार जोड्या, ड्रमची किल्ली, स्नेअरचं जादा हेड (ड्रमवर ताणलेला पडदा), दोन-तीन विंगनट, गॅफर टेप आणि साधारण ५ बाय ६ फुटांचं जाजम. जाजम नसेल तर गुळगुळीत स्टेजवर तिसऱ्या गाण्यापर्यंत बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) हातभर पुढे गेलेला असतो.

कोझीचे बेस ड्रम २६ इंची होते. माझा २२ चा आहे. तसा भरलेला आवाज येईल का? (मिरज)

तंतोतंत नाही, पण बराच जवळ येईल. सध्या तुमच्या ड्रममध्ये बहुधा उशी कोंबलेली असणार आणि समोरच्या हेडला भोक असणार. तो ‘थप्’ आवाज त्यानेच येतो. उशी काढा. समोर बिनभोकाचं हेड लावा. मारायच्या बाजूला एकपदरी कोटेड हेड घ्या आणि ते बसवण्याआधी तीन इंच रुंदीची फेल्टची पट्टी मध्यापासून थोडी बाजूला, उभी, हेड आणि कडेच्या मध्ये ताणून दाबा.

मग जुळवणी. दोन्ही बाजूंचे सगळे स्क्रू आधी बोटांनी घट्ट करा. मध्यावर तळवा दाबून सुरकुत्या बघा आणि समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा. मारायच्या बाजूच्या सुरकुत्या गेल्या की तिथेच थांबा. समोरची बाजू त्याहून अर्धा ते एक फेरा जास्त ताणा. प्रत्येक स्क्रूपासून दोन इंचांवर बोटाने टिचकी मारून स्वर सारखे करा. मिरजेत तबला जुळवताना गट्टा-गट्टा ऐकणारे कान आहेत, तुम्हाला हे जड जाणार नाही. एक सोय मात्र इथे आहे: पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरते तशी ही प्लास्टिकची हेड उतरत नाहीत.

बिघडतं कुठे? एक, बीटर (पेडलचा ठोका मारणारा दांडा) हेडवर दाबून धरलात तर भोक नसल्यामुळे हवेला वाट मिळत नाही, बीटर थरथरतो आणि एका ठोक्याचे दोन होतात. मारा आणि लगेच सोडा. दोन, ‘बोंऽऽ’ असा आवाज रेंगाळायला लागला तर समोरच्या हेडलाही एक पट्टी लावा. उशी परत आणू नका. तीन, स्टुलावर बसून या आवाजाचा अंदाज येत नाही. दुसऱ्या कुणाला तरी पेडल मारायला सांगा आणि स्वतः दहा-बारा फूट समोर जाऊन ऐका.

मंडळाच्या किंवा कॉलेजच्या स्टेजवर साउंडवाल्याला माइक आत घालायचा असतो. बिनभोकाच्या हेडला माइक बाहेरून, दोन-तीन इंचांवर लावावा लागतो आणि त्यात बेस गिटारही शिरतं. अशा जागांसाठी चार-पाच इंची भोकाचं दुसरं हेड गाडीत असू द्या.

‘अ लाइट इन द ब्लॅक’मध्ये दोन्ही पाय इतका वेळ सारखे कसे चालतात? माझा डावा मागे पडतो. (नाशिक)

रेनबोच्या ‘रायझिंग’ अल्बमवरचं, आठ मिनिटांहून लांब, वेगवान गाणं आहे. तिथून सुरुवात करू नका. आधी स्टुलाची उंची तपासा: मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. स्टूल खाली असेल तर दर ठोक्याला अख्खा पाय उचलावा लागतो आणि डावा आधी थकतो. मेट्रोनोम ८० वर, एका मात्रेत चार ठोके, सुरुवात डाव्या पायाने. एक मिनिट वाजवा, एक मिनिट विश्रांती, अशा पाच फेऱ्या. एक मिनिटभर दोन्ही पायांचा आवाज सारखा आला तरच चार बीपीएम वाढवा. पोटरीत गोळा यायला लागला की त्या दिवसाचा रियाज तिथेच थांबवायचा.

दोन ड्रम आणि डबल पेडल (एकाच ड्रमवर दोन पायांचे दोन बीटर) यांच्या आवाजात फरक राहणारच. दोन ड्रममध्ये प्रत्येक हेडला घुमायला दुप्पट वेळ मिळतो. डबल पेडलवर पहिल्या ठोक्याने हेड हलत असतानाच दुसरा पडतो, म्हणून वेगात आवाज सपाट होतो. हा दोष तुमच्या पायांचा नव्हे.

वेगवेगळ्या बँडमध्ये तो वेगळा वाजवायचा की सगळीकडे एकच? (कोल्हापूर)

हात एकच: जड स्नेअर, घुमणारे टॉम (सेटमधले मधल्या आकाराचे ड्रम), फिल (दोन भागांमधला ड्रमचा छोटा तुकडा) संपताना कचरायचं नाही. रेनबोच्या १९७६ च्या ‘रायझिंग’मधल्या ‘स्टारगेझर’ची ड्रमची सुरुवात आणि ब्लॅक सॅबथच्या १९८९ च्या ‘हेडलेस क्रॉस’ची सुरुवात लागोपाठ ऐका. पहिली सगळ्या सेटवर धावते, दुसरी साध्या ठोक्यावर उभी आहे. तरी माणूस एकच आहे हे लगेच कळतं.

पण खरा धडा व्हाइटस्नेकच्या १९८४ च्या ‘स्लाइड इट इन’मध्ये आहे. या अल्बमची दोन मिश्रणं (मिक्स) निघाली. ब्रिटिश आवृत्तीत बेस कॉलिन हॉजकिन्सनचा. अमेरिकेसाठी नवं मिश्रण झालं तेव्हा बेस नील मरेने नव्याने वाजवला, गिटारमध्ये जॉन साइक्सची भर पडली. ड्रम मात्र कोझीचे तेच. एकच गाणं दोन्ही आवृत्त्यांत, फक्त बेस ड्रम आणि बेस गिटार यांच्याकडे लक्ष देऊन ऐका. ड्रमचा एक ठोकाही न बदलता गाण्याची चाल बदललेली जाणवते. नव्या बँडमध्ये गेल्यावर पहिली रिहर्सल बेसवाल्याच्या उजव्या हाताकडे बघत वाजवा, असं आम्ही म्हणतो ते याचसाठी. तो तारेला ठोक्याच्या किंचित आधी हात घालतो की नंतर, यावर तुमचा बेस ड्रम कुठे पडायला हवा ते ठरतं.

‘मार्स’चा पाच मात्रांचा ठेका झपतालासारखा मोजला तर चालेल? (पणजी)

नको, फसाल. कोझी, कीथ इमर्सन आणि ग्रेग लेक यांच्या १९८६ च्या अल्बमवर इंग्लिश संगीतकार होल्स्टची ही रचना आहे. (ड्रमर कार्ल पामर तेव्हा ‘एशिया’त होता, म्हणून कोझीला बोलावलं.) झपताल दोन-तीन-दोन-तीन असा पडतो; ‘मार्स’चा भार तीन-दोन असा आहे. तोंडाने म्हणा: तकिट – ता – ता – तक – ता. पहिल्या मात्रेत तीन ठोके, चौथीत दोन, बाकीच्यांत एकेक. हे तोंडात बसल्याशिवाय काठी उचलू नका. घाई नेहमी चौथ्या मात्रेवर होते, कारण ‘तक’ हासुद्धा ‘तकिट’च्या वेगाने म्हटला जातो. तो त्याहून संथ आहे.

ड्रमरला गाण्याच्या हक्कात वाटा मिळतो का? (ठाणे)

नुसतं वाजवलं म्हणून गीतकार-संगीतकाराचा वाटा मिळत नाही. ‘रायझिंग’ची सगळी गाणी रेनबोचा गिटारवादक ब्लॅकमोर आणि गायक डिओ यांच्या नावावर आहेत, ड्रम कितीही गाजले तरी. मात्र रेनबोच्याच १९७८ च्या अल्बममधल्या ‘किल द किंग’वर पॉवेलचंही नाव आहे आणि ब्रायन मेच्या ‘रेझरेक्शन’वरही आहे, ते गाणं कोझीच्याच आधीच्या एका रचनेतून उभं राहिलं. ब्लॅक सॅबथच्या ‘हेडलेस क्रॉस’ आणि ‘टिर’ या अल्बमवर तो बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याबरोबर निर्माताही आहे. म्हणजे वाजवणारा, मग लिहिणारा, मग निर्माता. नावाची जागा अशी हळूहळू वर सरकली.

तुम्ही काय करायचं? काम स्वीकारताना इतकं लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना: रक्कम आणि ती कधी मिळणार (निम्मी आधी), रिहर्सल किती, प्रवास आणि राहणं कुणाकडे, कार्यक्रम रद्द झाला तर काय, रेकॉर्डिंग असेल तर एकरकमी की हिस्सा, आणि नाव कसं छापणार. गाण्याची कल्पना किंवा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) तुमचा असेल तर त्याच संध्याकाळी मोबाइलवर रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवा आणि वाटा तेव्हाच ठरवा. गाणं चालल्यावर हा विषय काढला की मैत्री जाते आणि वाटाही मिळत नाही. संगीतकार म्हणून नाव लागलं तर आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणारी संस्था) नोंद करा.

फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीत शिकला. त्याच्या गाण्यांवर कोझी वाजला आहे का? (पाचगणी)

फ्रेडीच्या क्वीन या बँडमध्ये नाही, तिथे शेवटपर्यंत रॉजर टेलर. पण लंडनच्या ब्रिक्स्टन अकादमीत १९९३ मध्ये झालेल्या कार्यक्रमाच्या ब्रायन मे बँडच्या लाइव्ह अल्बमवर क्वीनची गाणी आहेत आणि ड्रमवर कोझी आहे. स्नेअर पडतो त्या क्षणी हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी सिंबलची जोडी) किंचित उघडून ‘च्छाक्’ आवाज काढायची टेलरची खास लकब आहे. क्वीनचं मूळ रेकॉर्डिंग आणि हे लाइव्ह लागोपाठ ऐकलंत तर ती कुठे आहे आणि कुठे नाही ते कळेल.

कोझी कधीच ऐकलेला नाही. कुठून सुरुवात करू? (अमरावती)

‘रायझिंग’पासून. सहाच गाणी आहेत, एका बैठकीत होतात. मग १९७४ च्या जानेवारीत ब्रिटिश यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलेलं ‘डान्स विथ द डेव्हिल’. ड्रमने चालवलेलं गाणं एवढं वर जाणं आजही विरळाच. त्यानंतर ‘हेडलेस क्रॉस’. ब्लॅक सॅबथचा तो काळ बरीच वर्षं सहज मिळत नव्हता. २०२४ मध्ये ‘अॅनो डॉमिनी’ या संचात पुन्हा निघाला. ऐकताना हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर २६ इंची बेस ड्रम ऐकूच येत नाही.