‘ओन्ली’ची जागा आणि आपला ‘च’

चोपड्याच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न आहे: मुलं ‘आय केम टुडे ओन्ली’ असं लिहितात, यात नेमकं चुकतं कुठे?

ताई, मुलांच्या मनात ‘मी आजच आलो’ हे वाक्य असतं. आपला ‘च’ शब्दाच्या शेवटी चिकटतो, म्हणून ‘ओन्ली’ही ‘टुडे’च्या शेवटी जाऊन बसतं. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे पलीकडचा गुजराती ‘ज’सुद्धा शब्दानंतरच येतो. इंग्रजीत मात्र ‘ओन्ली’ बहुतेक वेळा शब्दाच्या आधी लागतं.

फळ्यावर आपल्या रावेरकडचं वाक्य घ्या: ‘रामूने काल दोन घड कापले.’ रामूनेच कापले, म्हणजे दुसऱ्या कुणी नाही: ‘ओन्ली रामू कट टू बंचेस’. दोनच कापले, म्हणजे तिसरा नाही: ‘रामू कट ओन्ली टू बंचेस’. आता ‘रामू ओन्ली कट टू बंचेस’ बघा. दोनच कापले, की नुसते कापले आणि गाडीत भरले नाहीत? बोलताना आवाजाच्या जोरावरून कळतं, कागदावर कळत नाही. म्हणून मुलांना सांगा, लिहिताना ‘ओन्ली’ नेमक्या शब्दाला खेटून, त्याच्या आधी.

खरी गंमत ‘कालच’मध्ये आहे. ‘अहो, कालच तर कापले’ म्हणजे अगदी ताजे. इथे ‘ओन्ली यस्टर्डे’ बरोबर बसतं. पण ‘आज कशाला, कालच कापून टाकले’ म्हटलं की काम आधीच उरकलं, आणि तिथे ‘ऑलरेडी’ हवं. ‘नको म्हटलं तरी कापलेच’ यातल्या ‘च’ला तर ‘ओन्ली’ चालतच नाही. आपला एक ‘च’ इतकी कामं करतो, हे मुलांना आधी मराठीतच दाखवा.

इंग्रजीत जागेला एवढं महत्त्व का? हजार वर्षांपूर्वी तिथेही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते बहुतेक झडले आणि कर्ता कोण, कर्म कोण हे जागेवरून ठरू लागलं. ‘सापाला मुंगसाने मारलं’ हे आपण उलटंपालटं केलं तरी साप वाचत नाही. पण प्रत्यय नसले की आपल्यालाही जागा बघावी लागते: ‘वाघ बोकड खातो’ यातले शब्द फिरवून बघा.

‘आय केम टुडे ओन्ली’ आपल्याकडे बोलण्यात सर्रास चालतं, त्यावरून मुलांना रागावू नका. पेपरात मात्र ‘आय ओन्ली केम टुडे’ लिहून घ्या. हो, इथे ‘ओन्ली’ ‘टुडे’ला खेटून नाही, पण इंग्रज माणूस हे असंच बोलतो, आणि घोटाळ्याला जागा नसली की तसंच लिहितोही.