रोड बाईकला चढासाठी हलके गिअर लावावेत की पायांची ताकद वाढवावी?

तुमची सायकल ५०/३४ ची, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ५० आणि ३४ दात, मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चाकांचा संच. गुहागरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करताना प्रत्येक चढाला गुडघे भरून येतात, आणि ग्रुपमधले म्हणतात की गिअर हलके करणं म्हणजे हार मानणं. कॅसेट बदलू, क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढची दातांची चाकं) बदलू की अजून वर्षभर सराव करू, असं विचारलंय तुम्ही.

कॅसेट बदला. ११-३४ लावा, आणि पावसाळ्याच्या आधी लावा. सराव हलक्या गिअरवरही होतोच.

आता ‘हार मानणं’ या शब्दांबद्दल, कारण ते वाचून मला गप्प बसवेना. हेच मी चार वर्षं घरात ऐकलंय. माझे धाकटे दीर सांगलीला असतात. सायकल उत्तम चालवतात, सडपातळ आहेत, पंचविशीपासून चालवतायत. मी बेचाळिसाव्या वर्षी सुरू केली. दर गणपतीला ते घरी आले की सगळ्यांच्या देखत तेच वाक्य: “वहिनी, गिअर कसले बदलता, पाय घडवा. आमचे नाना बिनगिअरच्या सायकलवर शाळेत जायचे.” नाना म्हणजे माझे सासरे. पावस गावाच्या पुढे प्राथमिक शाळेत मास्तर होते. या वाक्यापुढे काय बोलणार? मी दोन वर्षं पाय घडवत बसले, आणि उजवा गुडघा इतका धरला की शाळेचा जिना उतरताना कठडा पकडावा लागायचा.

सांगली-मिरजेच्या रस्त्यावर काय लागतं आणि किनाऱ्यावर काय लागतं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडला की रस्ता सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर चढतो, पावसला उतरतो, पुन्हा चढतो आणि पूर्णगडच्या खाडीला परत समुद्राच्या पातळीवर येतो. मुचकुंदी नदी ओलांडून गावखडी, आणि तिथून कशेळीकडे पुन्हा सडा. प्रत्येक खाडीला मिळवलेली सगळी उंची परत करायची. लोकांना वाटतं आंबा घाट कठीण. मी आंबा घाट चढले आहे आणि माझ्या मते तो या किनाऱ्यापेक्षा सोपा आहे. ट्रक-एसटीसाठी आखलेला रस्ता, लांब असला तरी चढ बराचसा एकसारखा, एकदा लय सापडली की तीच धरून जायचं. गावांच्या घाटीत लय सापडायच्या आतच चढ संपतो, आणि मध्ये एखादं वळण असं येतं की पुढचं चाक उचलेल की काय वाटतं. अशा ठिकाणी सर्वांत हलका गिअर कुठला आहे यावरच सगळं ठरतं.

हिशोब करून बघा. ७००×२५ च्या चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटर. ३४/२८ वर, म्हणजे पुढे ३४ आणि मागे २८ दात असताना, पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते, ३४/३४ वर बरोबर एक चाकफेरा, २.१ मीटर. घाटीत तुमचा वेग ताशी ७ किमीवर आला असेल, तर २८ च्या दातांवर मिनिटाला सुमारे ४६ फेरे पडतात, ३४ वर ५६. तेवढ्याच वेगाला प्रत्येक फेऱ्यात पायाखालचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरतो. दीड-दोनशे मीटर उंची असेल तर हे जाणवणार नाही. दिवसभरात सात खाड्या केल्या की गुडघा तुम्हाला स्वतः सांगतो. भावोजींच्या जुन्या सायकलला ३९/२५ आहे. त्यावर मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर ताशी जवळजवळ १२ किमीने चढावं लागतं. ते चढतात, मान्य. माझ्याच्याने होत नाही, आणि या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या बहुतेकांच्याने होणार नाही.

शेवटी मी न सांगता ११-३४ घेतली. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याला गेले होते, तिथल्या एका दुकानात सायकल दिली. माझा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, शिमानो १०५, आर ७०००. चेन ताणून धरणारा त्याचा पिंजरा आखूड, म्हणजे एसएस. त्याला जास्तीत जास्त ३० दात चालतात. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, दुकानदाराला माहीत असायला हवं होतं. त्याने डिरेलर चाकांपासून लांब धरणारा बी-टेन्शनचा स्क्रू पूर्ण आत पिळला, चेन जुनीच ठेवली आणि म्हणाला, चालून जाईल. घरी आणली तेव्हा सर्वांत हलक्या गिअरला कर्रकर्र आवाज येत होता. नवीन आहे, बसेल, असं मीच स्वतःला समजावलं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पहाटे निघाले. गावखडीच्या सुरुबनाजवळचा सपाट तुकडा संपला आणि चढ लागला. पुढे मोठी चेनरिंग, म्हणजे ५० दातांचं चाक होतं. पुढची खाली घ्यायच्या ऐवजी मी मागे एकेक करत शेवटच्या चाकावर टाकली. ५० ला ३४. चेन तेवढी लांब नव्हतीच. पॅडल जागच्या जागी थांबलं, डिरेलर पुढे ओढला गेला, त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडला आणि पिंजरा स्पोकमध्ये शिरला. मी शेजारच्या बागेच्या दगडी गडग्यावर हात टेकला म्हणून पडले नाही. दोन स्पोक तुटले होते, चेन जांभ्याच्या लाल मातीत लोळत होती. तासभर तिथेच बसले. मग आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेला एक छोटा हत्ती थांबला. त्या माणसाने सायकलखाली पेंढा पसरला, सुतळीने बांधली आणि मला थेट दारात आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी भावोजींचा फोन. “बघा वहिनी, सांगत होतो.”

हे वाक्य मला गडग्यापेक्षा जास्त लागलं. गिअर हलका करणं चुकलं नव्हतं, ते बसवणं चुकलं होतं, आणि या दोन गोष्टी एकच आहेत असं चारचौघांत ठरून गेलं. त्या वेळी नाना होते. ते झोपाळ्यावर ऐकत बसले होते. मी त्यांना विचारलं, नाना, तुम्ही ही घाटी कशी चढायचात? ते म्हणाले, “घाटीत सायकलवर बसतंय कोण? उतरायचं नि ढकलायची. शाळा सड्यावर, घाम सुकायला थोडा वेळ ठेवून निघायचं.” एवढंच. तीस वर्षं ते सायकल ढकलत चढले होते, आणि आमच्या घरात त्यांच्या नावावर उलटीच गोष्ट चालू होती. ढकलण्यात कमीपणा आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. आमच्या पिढीला वाटतो.

आणि हा वाद काही आमच्याच घरातला नाही. टूर द फ्रान्समध्ये आल्प्स आणि पिरेनीजच्या खिंडी असूनही १९३७ पर्यंत स्पर्धकांना डिरेलर वापरायला बंदी होती. शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज गिअरच्या विरोधातच होते. खेळाडू खाली उतरून मागचं चाक उलटं बसवत, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दातांचं चाक असे. बंदी उठली त्याच वर्षी रॉजे लापेबी डिरेलर लावून जिंकला. आज त्याच शर्यतीत डोंगरी टप्प्यांना मागे ३० आणि त्याहून जास्त दात लावतात, आणि ती मुलं तुमच्या-माझ्यापेक्षा दुपटीहून जास्त ताकदीची आहेत. तुमच्या ग्रुपला हे वाचून दाखवा.

पावसाळ्याचं का म्हणाले, तेही सांगते. जूननंतर घाटीतल्या सावलीच्या वळणांवर शेवाळ धरतं. जड गिअर असला की तुम्ही उभे राहता, उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते जागीच घसरतं. हलक्या गिअरवर सीटवर बसून चढता येतं. आरे-वारेच्या चढावर मी एकदा अशीच घसरले आहे, तेव्हा मागे २८ च होती.

माझ्या चुकीतून तुम्हाला लागेल तेवढं. ५०/३४ बरोबर ११-३४ लावली की डिरेलरला पुढच्या चाकांतला फरक १६ अधिक मागच्यांतला २३, म्हणजे चेनची ३९ दातांइतकी ढील सांभाळावी लागते. आर ७००० मध्ये लांब पिंजऱ्याचा जीएस तेवढी सांभाळतो आणि मागे ३४ दातांपर्यंत जातो, एसएस ३५ दातांच्या ढिलीवरच थांबतो. चेन नवीन घ्या. ती डिरेलरमधून न ओवता पुढच्या-मागच्या सर्वांत मोठ्या चाकांवरून फिरवायची, टोकं जुळतात तिथून एक इंच, म्हणजे दोन कड्या जास्त ठेवून तोडायची. आणि अकरा स्पीडच्या, म्हणजे मागे अकरा चाकं बसणाऱ्या रोड हबवर शिमानोची ११-३४ बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर, म्हणजे पातळ कडं लागतं. ते विसरलं तर कॅसेट आवळणारी लॉकरिंग घट्ट करूनही कॅसेट हलत राहते. सुटा हँगर आधीच मागवून ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, माझा यायला सतरा दिवस लागले.

क्रँकचं म्हणाल तर ४६/३० लावणारे आहेत, शिमानोच्या जीआरएक्स संचात मिळते. पण तिला पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच लागतो, खर्च वाढतो. आधी कॅसेट लावून पूर्ण एक हंगाम बघा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे का ते बघा, माझी दोन सेंटीमीटर खाली होती आणि निम्मं दुखणं तिथेच होतं. आणि हे सगळे आकडे अकरा स्पीडच्या आर ७००० चे आहेत. तुमची आठ, नऊ किंवा दहा स्पीड असेल तर जसेच्या तसे लावू नका. मागच्या डिरेलरच्या आतल्या, चाकाकडच्या बाजूला ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक कोरलेला असतो. फडक्याने पुसून तो इथे लिहा, मग कुठली कॅसेट चालेल ते नक्की सांगते.