ख्रिसमस हा मुळात पेगन (ख्रिस्ती धर्माआधीच्या, अनेक देव पूजणाऱ्यांचा) सण होता, हे कितपत खरं आहे?

तुम्ही विचारलंय की २५ डिसेंबर ही रोमन सूर्यदेवाची तारीख चर्चने ढापली का, आणि ख्रिसमस ट्री, ईस्टरची अंडी हेही असंच उचललेलं आहे का. हा मजकूर दर डिसेंबरला व्हॉट्सॲपवर फिरतो, म्हणून जरा तपशिलात लिहितो. तारखेबद्दल वाद खरोखरच आहे. झाड मात्र जवळजवळ नक्की ख्रिस्ती आहे. आणि पेगन अंश जिथे पुराव्यानिशी सापडतो, त्या जागा या मेसेजमध्ये सहसा नसतातच.

तारखेचा वाद फिरतो तो मुख्यतः एका दस्तऐवजाभोवती: इ.स. ३५४ चं रोममधलं एक सचित्र कॅलेंडर. फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने ते व्हॅलेंटिनस नावाच्या माणसासाठी तयार केलं. मूळ प्रत गेली, नकला उरल्या. त्यात २५ डिसेंबर दोन ठिकाणी येते. सार्वजनिक सणांच्या भागात ‘अजिंक्याचा जन्मदिन, ३० रथशर्यती’ एवढीच त्रोटक नोंद आहे. हा अजिंक्य म्हणजे सोल इन्व्हिक्टस, अर्थात अजिंक्य सूर्य, असं बहुतेक अभ्यासक धरतात. त्याच संग्रहात हुतात्म्यांच्या स्मृतिदिनांची यादी आहे आणि तिची पहिलीच ओळ सांगते की या दिवशी यहुदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला. ही यादी मुळात ३३६ च्या सुमाराची मानतात. तसं असेल तर गंमत अशी की ‘सूर्याचा सण आधीचा’ म्हणून जो कागद पुढे केला जातो, त्यातली ख्रिस्ती नोंदच जुनी निघते.

सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं मोठं मंदिर उभारलं, हे खरं. पण त्याचं उद्घाटन २५ डिसेंबरला झालं असं सांगणारा समकालीन पुरावा नाही. ती तारीख वरच्या कॅलेंडरवरून मागे नेऊन चिकटवलेली आहे. शिवाय त्याच कॅलेंडरात सूर्याचे इतर सणही आहेत: २८ ऑगस्टला एक, आणि ऑक्टोबरात १९ ते २२ असे खेळ, ज्यांच्या शेवटच्या दिवशी ३६ शर्यती. सूर्याचा सर्वांत थाटाचा सण पळवायचा असता तर चर्चने ऑक्टोबर गाठला असता.

दुसरी बाजू हिशेबाची. साधारण इ.स. २०० च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च दिली. गर्भधारणा आणि मृत्यू एकाच तारखेला, अशी धारणा होती. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने ती स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे हाच हिशेब ६ एप्रिलपासून धरला की ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं. या मताची लंगडी बाजू अशी की हा हिशेब जन्मतारखेसाठी नीट मांडलेला सापडतो तो सण रूढ झाल्यानंतरचा. म्हणजे आधी तारीख ठरली आणि कारण मागाहून जोडलं, असंही असू शकतं.

माझं मत हिशेबाकडे थोडं झुकतं, पण सूर्याचा संबंध पुसून टाकणंही चूक. रोमन गणनेत हिवाळी अयनदिन, म्हणजे वर्षातला सर्वांत लहान दिवस, २५ डिसेंबरलाच धरत, आणि धर्मोपदेशक ‘खरा सूर्य’ म्हणून ख्रिस्ताचं वर्णन हौसेनं करत. पाचव्या शतकात पोप लिओने नाताळच्या प्रवचनात चक्क तक्रार केली आहे: लोक सेंट पीटरच्या बॅसिलिकेच्या पायऱ्या चढतात आणि आत जाण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात. श्रद्धा कशा एकमेकींत मिसळतात ते पाहायला ही तक्रार त्या कॅलेंडरपेक्षा जास्त कामाची आहे.

‘चर्चनेच कबूल केलंय’ असा दाखला कोणी दिला, तर तो सहसा बाराव्या शतकातल्या डायोनिसियस बार सालिबी या सिरियाक लेखकाच्या हस्तलिखितातली एक समासटीप असतो. घटनेनंतर आठशे वर्षांनी, तेही पूर्वेकडच्या माणसाने, रोमन पंथावर टीका करताना लिहिलेली. वजन तेवढंच द्यावं. रोमन साम्राज्यात पूजला जाणारा मिथ्र देव २५ डिसेंबरला जन्मला याला तर प्राचीन आधारच नाही. सॅटर्नेलिया हा रोमन सण १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि लांबला तरी २३ पर्यंत. त्यात मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या भेट देत, पण तिथून आजच्या भेटवस्तूंपर्यंत अखंड धागा कोणी दाखवलेला नाही.

झाडाकडे या. स्ट्रासबुर्गचं १६०५ चं वर्णन सांगतं की लोक घरात फरचं झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदी गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख, साखरेच्या वस्तू टांगतात. सफरचंदच का? २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस, आणि त्या कथेच्या नाटकांत सफरचंदं लावलेलं झाड मंचावर असायचं. वेफर हा चर्चमधल्या पवित्र भाकरीसारखा. प्रोटेस्टंट-कॅथलिक वस्तीच्या ऱ्हाइनकाठी, सोळाव्या शतकाच्या आसपास रुजलेली प्रथा ही. धर्मप्रचारक संत बोनिफेसने आठव्या शतकात डोनार या जर्मन पेगन देवाचा ओक वृक्ष तोडला, पण त्याच्या जुन्या चरित्रात त्या लाकडाचं प्रार्थनागृह बांधल्याचं आहे. तिथे फरचं झाड उगवलं, ही गोष्ट नंतरची भर. इंग्लंडमध्ये झाड घरोघरी पोचायला १८४८ मध्ये छापून आलेलं व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं चित्र बरंच कारणीभूत ठरलं.

मग पेगन काय उरतं? नॉर्वेचा यूल हा हिवाळी सण. दहाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या हाकोन राजाने यूलची सुरुवात नाताळाच्या वेळी आणली, आणि प्रत्येकाने ठराविक माप धान्याची बिअर गाळावी नाहीतर दंड भरावा, बिअर पुरेल तोवर सण पाळावा, असा कायदा केला. हे सांगणारी सागा (जुनी नॉर्स गद्यकथा) तेराव्या शतकातली, तरी हा प्रकार विश्वासार्ह मानतात. त्याहून थेट पुरावा म्हणजे पोप ग्रेगरीचं ६०१ चं, इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला लिहिलेलं पत्र, जे बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराने जपून ठेवलं. मूर्ती फोडा, पण देवळं पाडू नका. पवित्र पाणी शिंपडा, वेद्या बांधा, अवशेष ठेवा. बैल बळी देत असत, तर आता हुतात्म्याच्या दिवशी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून तेच बैल कापून जेवू द्या. याच्या महिनाभर आधी ग्रेगरीनेच इंग्लंडमधल्या केंटच्या राजाला देवळं पाडायला सांगितलं होतं, म्हणजे धोरण ठरता ठरता बदललं.

आपल्याकडे असं पाहायचं असेल तर गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांचं कणसांचं फेस्त (सण) पाहा. राय गावात ५ ऑगस्टला पहिली भाताची कणसं कापून पाद्री आशीर्वाद देतात. हिंदू घरांत नवं भात नव्याच्या पंचमीला येतं. पीक तेच, गावंही तीच.

ईस्टरसाठी ‘इओस्त्रे देवी’ म्हणतात ती फक्त बीडच्या एका वाक्यात आहे, तिच्याशी ससा किंवा अंडी त्याने जोडलेली नाहीत. अंड्यांचं कारण साधं आहे: उपवासकाळात ती वर्ज्य, कोंबड्या मात्र थांबत नाहीत, त्यामुळे ईस्टरला साठा तयार असायचा. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या १२९० च्या घरखर्चात ईस्टरसाठी ४५० अंड्यांची नोंद आहे. अंडी आणणाऱ्या सशाची लेखी गोष्ट मात्र १६८२ मधली, जर्मन भाषिक प्रदेशातली.