ईव्हीमध्ये रिजन कायम लेव्हल 3 वर ठेवावं का? रेंज किती वाढते?

तुम्ही लिहिलंय की कासारवडवलीला राहता, गाडी नवी आहे आणि मेहुणे सांगतात, "रिजन कायम 3 वर ठेव, ब्रेकला पाय लावायची गरजच नाही, रेंज दणकून वाढते." हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण माझे धाकटे दीर आमच्याकडे जेवायला आले की हेच ऐकवतात.

रिजन म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलट वीज तयार करते, गाडी अडवते आणि वीज बॅटरीत परत टाकते. लेव्हल जितकी वरची, तितकी गाडी जास्त अडते. 3 वर ठेवलंत म्हणून गाडी बिघडत नाही. पण ब्रेकला पाय लावायची गरज नाही हे बोलणं धोक्याचं आहे, आणि दणकून वाढते हे चूक आहे.

पावसाळ्याच्या शेवटी आम्ही घरचे सगळे लोणावळ्याला गेलो होतो. गाडी माझी. मुक्कामाच्या ठिकाणी चार्जर होता आणि पाहुण्यांना फुकट होता. रात्री मी म्हटलं, 85 टक्के झाले की प्लग काढू, सकाळी निघाल्या निघाल्या घाट उतरायचाय. भाऊजी म्हणाले, "वहिनी, फुकट मिळतंय ते सोडायचं कशाला? फुल होऊ दे. शिवाय उतारावर अजून भरेल." मी समजावून सांगितलं, कोणी ऐकलं नाही. सकाळी बॅटरी शंभर टक्के. चाळीस युनिटच्या बॅटरीत वरचे पंधरा टक्के म्हणजे सहा युनिट, घरच्या दराने शंभर रुपयांच्या आतली वीज. तेवढ्यासाठी.

चालवायलाही भाऊजीच बसले. खंडाळा मागे पडलं, उतार सुरू झाला, त्यांनी सवयीने पाय उचलला आणि गाडी पळतच राहिली. लेव्हल 3 लावलेली होती, पण डॅशवर रिजन मर्यादित असल्याची खूण आली होती. भरलेली बॅटरी वीज घेत नाही, मग मोटर वीज तयार करत नाही, आणि तयार करत नाही म्हणजे चाकांना अडवतही नाही. भाऊजींना वाटलं ब्रेकच गेला. त्यांनी जोरात ब्रेकचं पॅडल दाबलं, मागे बसलेल्या सासूबाई पुढच्या सीटवर आदळता आदळता वाचल्या, आणि मागच्या ट्रकने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

पेट्रोल-डिझेलची गाडी असती तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनाच्या जोरावर उतरवता आली असती. आपल्या गाड्यांना एकच गिअर. रिजन गेलं की उरतात फक्त डिस्क आणि पॅड. त्यात आणखी एक मेख आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. घाट उतरताना वीज जवळजवळ खर्चच होत नाही, त्यामुळे बॅटरी शंभरावरून खाली येत नाही, त्यामुळे रिजनही परत येत नाही. म्हणजे सगळा घाट तसाच उतरायचा. खालापूरच्या फूड मॉलला थांबलो तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. तिथून ठाण्यापर्यंत मी चालवली. पनवेल मागे पडेपर्यंत रिजन थोडं थोडं परत आलं होतं.

माझे सासरे मध्य रेल्वेवर मोटरमन होते. सगळा घाटभर ते गप्प होते, फूड मॉलमध्ये चहा घेताना बोलले. 2007 नंतर सीमेन्सचे जे रेक मुंबईत आले, ते ब्रेक लावताना वीज वरच्या तारेत परत देतात. तेव्हा मध्य रेल्वेवर 1500 व्होल्ट डीसी होतं, आणि डीसीत परत दिलेली वीज आसपास दुसरी एखादी गाडी ओढत असेल तरच खपते. नसेल तर मोटरचा ब्रेक सुटतो आणि हवेच्या ब्रेकवर गाडी थांबवावी लागते. "अरे, घेणारा नसेल तर देणार कुणाला?" एवढंच ते भाऊजींना म्हणाले. मी आदल्या रात्री दुसरं काय सांगत होते? पण सून सांगते तेव्हा ते चार्जिंगचं खूळ असतं, आणि मोटरमन सांगतो तेव्हा ते शास्त्र.

आता "उतारावर भरेल" याचा हिशोब, कारण घरोघरी हाच गैरसमज आहे. माणसं-सामान धरून गाडी 1800 किलो धरा. लोणावळ्याहून घाटाच्या पायथ्याशी येताना साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरतो. त्या उंचीत एकूण पावणेतीन युनिटच्या आत ऊर्जा असते. त्यातली काही वारा आणि टायर खातात, काही मोटर-इन्व्हर्टर-बॅटरीच्या वाटेत उष्णता होऊन जाते. बॅटरीत जागा असली तरी दीडेक युनिट हाती लागलं तर खूप, म्हणजे सपाटीवरचे दहाएक किलोमीटर. आणि तेही चढताना आपणच खर्च केलेल्यातलं. भाऊजी हे धरतच नाहीत.

तुमच्या रोजच्या रस्त्याचं बघू. 60 च्या वेगाने चाललेली गाडी पूर्ण थांबवली तर तिच्या वेगातली सगळी ऊर्जा 0.06-0.07 युनिट. निम्म्याहून थोडी जास्त परत मिळाली तर पाव किलोमीटर पुढे जाल. पण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. कापूरबावडी ते मानपाडा 15 च्या वेगाने सरकत असाल तर एका थांब्यात त्याचा सोळावा भाग. शिवाय अगदी कमी वेगाला रिजन जवळपास बंदच पडतं. घोडबंदरच्या कोंडीत 3 वर ठेवून रेंज म्हणावी तेवढी वाढत नाही, पायाला मात्र आराम मिळतो. तो आराम खरा आहे, त्यासाठी खुशाल ठेवा. फक्त मागे बसलेल्यांना विचारा. पाय उचलला की झटका, ठेवला की झटका, असं गायमुखपर्यंत चाललं तर धडधाकट माणसालाही मळमळतं.

माझं ऑफिस ऐरोलीला. ठाणे-बेलापूर रोडवर, जिथे वेग मिळतो आणि सिग्नलही लागतात, तिथे मी 2 वर ठेवते. मोकळ्या हायवेला 1 किंवा 0. हायवेवर गाडी नुसती घरंगळू देण्यात जास्त फायदा आहे. वेगाची वीज करून तीच पुन्हा वेगात घालायची म्हटलं तर दोन्ही वेळा घट होते.

तुमची गाडी कुठली ते लिहिलं नाहीत, आणि खरं उत्तर त्यावर आहे. काही गाड्यांत ब्रेकचं पॅडल दाबलं तरी आधी मोटरच अडवते आणि पॅड नंतर लागतात. तशी असेल तर 1 आणि 3 मध्ये रेंजचा फरक नगण्य. पॅडल दाबल्यावर थेट पॅडच लागत असतील तर शहरात 3 चा फायदा आहे. पुस्तिकेत बघा, नाहीतर पॅडल हलकं दाबून डॅशवरची पॉवरची सुई कुठे जाते ते बघा.

ब्रेकबद्दल. रिजनमुळे पॅड फारसे झिजत नाहीत हे खरं, पण न वापरलेल्या डिस्क आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत गंजतात. याच कारणासाठी फोक्सवॅगनने आपल्या आयडी.4 या ईव्हीला मागे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले. विटाव्याच्या पुलाखालच्या पाण्यातून आलात किंवा गाडी चार दिवस पावसात उभी राहिली, तर रिजन 0 करून, मागे कोणी नाही असं बघून, दोन-चारदा नीट ब्रेक दाबा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला बदलाच, पॅड नवे दिसत असले तरी. पाणी शिरलेलं ऑइल घाटात उकळतं आणि पॅडल मऊ पडतं. त्या सकाळी आमचं ऑइल नुकतंच बदललेलं होतं.

एक राहिलं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर कंपनी अधूनमधून शंभर टक्के चार्ज करायला सांगते, आणि ते करायलाच हवं. ते ठाण्यात करा, घरी, आणि निघाल्यावर पहिले काही किलोमीटर रिजन कमी मिळणार हे धरून चालवा. डोंगरावर मुक्काम असेल तर आदल्या रात्री 80-85 ला चार्जिंगची मर्यादा लावून झोपा, चार्जर फुकट असला तरी. मेहुणे चालवणार असतील तर त्यांच्यासमोर लावा.