पाठभेद टाकून देऊ नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. लीळाचरित्रावर, म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींच्या ग्रंथावर, काम करायचं ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दुसऱ्याच पानावर तू लिहिलंयस, "सर्व प्रती ताडून मूळ संहिता निश्चित करणे हे उद्दिष्ट आहे." या वाक्यापाशी मी बराच वेळ अडले. ते तसंच राहिलं तर तुझा अभ्यास चुकीच्या वाटेला लागेल, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

स्वामींचे शिष्य म्हाइंभट यांनी हा ग्रंथ कसा उभा केला, ते आधी डोळ्यांसमोर आण. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर, 1278 च्या सुमारास, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या आणि स्वामींनंतर पंथाचे आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा ग्रंथ अनेकांच्या तोंडचा आहे. पुढे खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत मूळ प्रत गेली, असं पंथाची परंपरा सांगते. शिष्यांनी तो आठवणीतून पुन्हा जुळवला आणि त्यातून वेगवेगळे पाठ (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं) झाले. हिराइसेचा पाठ म्हणून एक ओळखला जातो. एका बाईच्या स्मरणशक्तीवर पंथानं केवढा विश्वास टाकला, याचा विचार कर.

आता पोथीतच बघ. एखादी लीळा, म्हणजे स्वामींचा एखादा प्रसंग, सांगता सांगता मध्येच "एकी वासना" असं येतं आणि त्याच प्रसंगाची दुसरी आठवण नोंदलेली असते. स्वामी अमक्या ठिकाणी बसले होते की तमक्या, आधी कोण बोललं, एवढासा फरक असतो. लिहिणाऱ्याला एक आठवण ठेवून दुसरी सहज गाळता आली असती. त्यानं गाळली नाही, कारण ज्यांनी ती सांगितली ते त्याच्या दृष्टीनं खोटं बोलणारे नव्हते. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या माणसांनी इतक्या निष्ठेनं जपलेलं तू "अपपाठ", म्हणजे चुकीचा पाठ, म्हणून तळटीपेत ढकलणार आहेस का?

आपल्याकडे याच्या अगदी उलट रीतही आहे आणि तीही थोर माणसाची आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. तिच्या प्रती उतरत उतरत जवळजवळ तीनशे वर्षं गेली आणि 1584 मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली. ते स्वतःच म्हणतात की ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरानं तो अबद्ध झाला. आणि शेवटी बजावतात:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. ही ओवी मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला लावते. नाथांना हे बजावावं लागलं, याचा अर्थ लोक ओव्या घालत होते. ज्ञानेश्वरी तोपर्यंत इतक्या जणांची झाली होती की ऐकणाऱ्याला आपलीही एक ओवी तिच्यात जोडावीशी वाटे. नाथांनी ते थांबवलं म्हणून तर आज वारकऱ्यांच्या हातात एक स्थिर ग्रंथ आहे, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी 1909 मध्ये जुन्या पोथीवरून छापलेली प्रत शेजारी ठेवून वाच. भाषेची रूपं कुठे कुठे बदलली, ते जागोजागी दिसतं. राजवाडे प्रतीच्या जुनेपणावर वाद आहेत, ते तू वाचशीलच. माझं मत विचारशील तर पारायणाला नाथांची शुद्ध प्रत हवी, आणि संशोधकानं मात्र त्या "एकी वासना" लिहिणाऱ्याची रीत धरावी.

याचा अर्थ निवड करूच नये असा नाही. छापायचं म्हटलं की एक पाठ वर घ्यावाच लागतो. तो घे, का घेतलास ते लिही, आणि बाकीचे पाठ कोणत्या पोथीतले, ती कुणी, कधी, कुणासाठी उतरवली, हे जितकं कळेल तितकं दे. पोथीचा शेवट आधी वाचायची सवय लाव. पोथी उतरवणारा तिथे बोलतो. "यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया" म्हणजे जसं दिसलं तसं उतरवलं, मला दोष देऊ नका. बहुतेक जण हा श्लोक ठरावीक म्हणून सोडून देतात, पण त्याच्या पुढेमागेच शक, गाव आणि नाव सापडतं. समासात काय लिहिलंय, हरताळ (चूक झाकायचा पिवळा रंग) कुठे फासलाय, तेही टिपून ठेव. हरताळाखाली खोडलेलं अक्षर पुष्कळदा वाचता येतं.

भाषेचा काळ ठरवताना पोथीवर एकटीवर विसंबू नकोस, कारण उतरवणारा नकळत आपली भाषा तिच्यात आणतो. कोरीव लेखाला तो धोका नाही. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख 1273 चा, म्हणजे लीळाचरित्राच्या अगदी जवळचा. शं. गो. तुळपुळ्यांनी संपादलेले प्राचीन मराठी कोरीव लेख टेबलावर असू देत, आणि त्यांनी अ‍ॅन फेल्डहाउस यांच्याबरोबर केलेला जुन्या मराठीचा कोशही.

महानुभाव मठांबद्दल थोडं. त्यांच्या सकळ या सांकेतिक लिपीमुळे हे साहित्य विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना जवळपास बंद होतं. वि. भि. कोलत्यांची लीळाचरित्राची 1978 ची आवृत्ती निघाली तेव्हा पंथातून तीव्र आक्षेप आले. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवायला तू जाऊ नकोस. ज्यांच्यासाठी ही पोथी पूजेतली आहे त्यांना तिच्यातली प्रत्येक ओळ जिव्हारी लागते, एवढं ध्यानात ठेव. गेलीस की "दंडवत प्रणाम" म्हण, काय शोधते आहेस ते स्पष्ट सांग, विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नकोस. आणि त्यांना येणारा अर्थ आधी ऐकून घे. पिढ्यान्‌पिढ्या हे वाचणाऱ्या महंतांना जे ठाऊक असतं ते कोशात नसतं. त्यांना न पटणारं तुझ्या हाती लागलं तर लपवू नकोस, पण छापण्याआधी त्यांना स्वतः जाऊन सांग.

उद्दिष्टाचं वाक्य बदल. "लीळाचरित्राचे पाठ कोणी, कसे आणि का जपले" हा प्रश्न घे. पुढच्या भेटीला येताना पूर्वार्धातली एकच लीळा निवड, लांबलचक नको. तुळपुळ्यांची आवृत्ती, कोलत्यांची आवृत्ती आणि तुला मिळालेली पोथी, तिघांचा पाठ तीन रकान्यांत हातानं उतरवून आण. टाइप करू नकोस, हातानं लिहिताना फरक लगेच नजरेत भरतो. आल्यावर दोघी मिळून मोठ्यानं वाचू.

तुझी,
बाई