कंट्रोल गटाच्या खाद्यातले सोयाबीन

डीएमबीए (स्तनग्रंथींत गाठी निर्माण करणारे रसायन) दिलेल्या स्प्रॅग-डॉली जातीच्या रॅट्समध्ये जेनिस्टीन (सोयाबीनमधील एक द्रव्य) खाणारा गट आणि ते न दिलेला कंट्रोल गट यांच्या स्तनग्रंथींतील गाठींच्या संख्येत फरकच दिसला नाही आणि मार्गदर्शक आता मात्रा वाढवायला सांगत आहेत, हे तुमचे गाऱ्हाणे वाचून मला माझीच जुनी वही उघडल्यासारखे झाले. मात्रा वाढवण्यापूर्वी प्राणिगृहात जाऊन कंट्रोल गटाच्या खाद्याच्या पोत्यावरचे लेबल वाचा, आणि त्यावर केवळ ‘क्रूड प्रोटीन’ची टक्केवारी छापलेली असेल, तर ते प्रोटीन कशातून आले हे पुरवठादाराकडून लेखी मागवा.

मी हे केले नव्हते. माझ्या प्रयोगासाठी केसीनवर (दुधातील प्रोटीनवर) आधारित, ठरावीक घटकांचे एआयएन-93जी खाद्य मी मागितले होते. परंतु खरेदी विभागाने सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून ‘दोन्हीही उंदरांचेच खाद्य आहे’ असा शेरा मारला आणि माझी दोन पत्रे उत्तराविना फाइलला लावून टाकली. मीही पुढे भांडले नाही, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. लातूरकडची असूनही गोळी बोटांनी चुरडल्यावर येणारा सोयापेंडीचा वास मला ओळखता आला नाही, याची आजही लाज वाटते. तेल काढताना वापरल्या जाणाऱ्या हेक्झेन या द्रावकाने आयसोफ्लेव्होन (सोयाबीनमधील द्रव्यांचा गट, जेनिस्टीन त्यातलेच) निघून जात नाहीत. ते पेंडीतच राहतात. त्यामुळे अशा काही खाद्यांत किलोमागे काही शे मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन असू शकतात, म्हणजे ज्या मात्रेची आपण परीक्षा घेत असतो, जवळजवळ तेवढेच. चौदा महिन्यांनी एका मैत्रिणीच्या एचपीएलसी यंत्रावर (मिश्रणातील द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या) मूत्राचे नमुने लावले, तेव्हा कंट्रोल गटाच्या आलेखातही इक्वॉलचे पीक ठळकपणे उभे होते. इक्वॉल हे आतड्यातील जिवाणूंनी डेडझीन या सोयाबीनमधील दुसऱ्या आयसोफ्लेव्होनपासून बनवलेले द्रव्य असल्याने, डेडझीन पोटात गेले नसते तर ते तेथे दिसण्याचे कारणच नव्हते.

आता खाद्य बदलले की प्रश्न सुटेल, असे समजू नका. लामार्टिनियर यांच्या अमेरिकेतील अलाबामा येथील संशोधक गटाने 1998 मध्ये दाखवले की, गर्भधारणेपासून पिल्ले 21 दिवसांची होईपर्यंत आईच्या खाद्यात किलोमागे 25 किंवा 250 मिलिग्रॅम जेनिस्टीन घातले आणि 50व्या दिवशी डीएमबीए दिले, तर मात्रेनुसार गाठी कमी होतात. याचा अर्थ असा की, तुमची जनावरे सोयापेंड खाणाऱ्या माद्यांच्या पोटची असतील, तर सहाव्या आठवड्यात खाद्य बदलून त्यांना ‘सोयाविरहित’ म्हणणे फसवे ठरते. प्रजननाच्या माद्यांनाच केसीनचे खाद्य द्यावे लागते, त्यासाठी आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीकडे) सुधारित अर्जही करावा लागेल, आणि हा खर्च टाळण्यासारखा नाही, असे माझे मत आहे. एआयएन-93जीमधील सोयाबीन तेलावर परीक्षक हमखास बोट ठेवतात. त्या तेलात आयसोफ्लेव्होन नगण्य असतात, तरी वाद नको म्हणून मी मक्याचे तेल वापरले. अंथरूण म्हणून मात्र मक्याच्या कणसांचा भुसा घेऊ नका, कारण त्यात संप्रेरकांवर परिणाम करणारी द्रव्ये आढळली आहेत. खाद्याच्या प्रत्येक लॉटमधील शंभर ग्रॅम फ्रीजरमध्ये जपून ठेवा. खरेदी विभागाशी वाद घालताना माझ्या हाती तेवढाही पुरावा नव्हता.

मी विषशास्त्रज्ञ नाही आणि सध्या संशोधनातही नाही, त्यामुळे तुमच्या आकडेवारीवर मी बोलणार नाही. मात्र प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘म्हणून स्त्रियांनी जेनिस्टीन घ्यावे’ अशी ओळ कृपया घालू नका. अंडाशय काढलेल्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत हेल्फेरिच यांच्या गटाने एमसीएफ-7 या मानवी स्तनकर्करोगाच्या पेशींच्या गाठी शुद्ध जेनिस्टीनमुळे वाढताना पाहिल्या आहेत, आणि सेटचेल या संशोधकांच्या मोजमापानुसार उंदीर-रॅट्सच्या रक्तात मुक्त (दुसऱ्या रेणूशी न जोडलेले, क्रियाशील) जेनिस्टीन माणसापेक्षा कितीतरी जास्त राहते.

लेबलाचा फोटो मिळाला तर येथे टाका. प्रोटीनचा स्रोत त्यावर नसला, तरी घटकांच्या क्रमावरून थोडाफार अंदाज बांधता येतो.