जुना किंडल की नवा टॅब?

प्रश्न : भाचीने तिचा जुना किंडल पेपरव्हाइट मला दिलाय. मॉडेल कसं ओळखू? अपडेट केल्यावर पिवळसर उजेड येईल का, की सरळ टॅबच घेऊ? मी दुपारी गॅलरीत वाचते. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, वाचनासाठी टॅब नकोच. गिरगावात आमची आई भर उन्हात गॅलरीत बसते. टॅबच्या काचेत तिला अक्षरांऐवजी समोर वाळत घातलेल्या साड्याच दिसायच्या. किंडलचा ई-इंकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शाईचा, पडदा कागदासारखा, उजेड जितका जास्त तितका स्वच्छ.

आधी चार्जिंगचं भोक बघा. निमुळतं, मायक्रो-यूएसबी असेल तर 2018 चं किंवा त्याआधीचं मॉडेल. दोन्ही बाजूंनी लागणारं टाइप-सी असेल तर 2021 चं किंवा नंतरचं. पिवळसर उजेड 2021 पासूनच आला. त्यासाठी आत वेगळे दिवे लागतात, त्यामुळे जुन्यात तो कुठल्याही अपडेटने येणार नाही.

तरी अपडेट कराच, दोष दुरुस्त होतात. रात्री वाय-फाय चालू ठेवून चार्जिंगला लावा, बहुतेकदा आपोआप होतं. आणि हो, भाचीचं अ‍ॅमेझॉन खातं काढून तुमचं घाला, नाहीतर पुस्तकं तिच्याच खात्यावर जातील.